परक्या देशात रोजचं जेवण: पदार्थाच्या नावामागं नको, धान्यामागं जा

विट्याहून स्टुटगार्टला शिकायला गेलेल्या एका मुलीनं विचारलंय: “काकू, मी मांस-मासे खात नाही, अंडं चालतं. आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट संपत आलंय. बाहेर पडलं की ब्रेड, चीज आणि सॉसेज एवढंच दिसतं. भारतीय हॉटेलं परवडत नाहीत. इथली साधी माणसं घरी रोज काय खातात, ते मला कुठं सापडेल? आणि त्यातलं मला काय चालेल?”

उत्तर लांबणार आहे, कारण थोडक्यात सांगितलं तर तुझ्या हाती चार पदार्थांची नावं लागतील आणि तेवढ्यावर महिनाही निघणार नाही.

माझ्याकडं येणारी बहुतेक मुलं ‘भारतीय किराणा कुठं मिळतो’ एवढंच विचारतात. तू तिथल्या माणसांचं ताट विचारलंस, याचा मला फार आनंद झाला. मी सांगलीची. स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये कांदे-बटाटे सोलण्यापासून शाकाहारी जेवणाचा विभाग सांभाळण्यापर्यंत बरीच वर्षं काम केलं, आणि आता विश्रामबागेत परदेशी निघालेल्या मुलामुलींना स्वयंपाक शिकवते. एवढ्या काळात एक गोष्ट मला पक्की कळली. नव्या मुलखात पदार्थांची नावं शोधत फिरलं की माणूस हॉटेलात पोचतो, आणि हॉटेलातलं जेवण हे पाहुण्यांचं असतं. सांगलीला कुणी परदेशी पाहुणा आला आणि मेनूकार्ड बघत बसला, तर त्याला पनीर बटर मसाला मिळेल. त्याच वेळी शेजारच्या घरात ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि खरडा असेल, ते त्याच्या दृष्टीसही पडणार नाही. तुझंही तिथं तसंच झालंय. म्हणून तू कच्च्या मालापासून सुरुवात कर. जे धान्य, जी डाळ, जी भाजी तुला बघताक्षणी ओळखू येते, ती तिथली माणसं कशी शिजवतात एवढंच विचारत जा.

पहिला मसूर. इस्लामपूर-पेठ नाक्याच्या धाब्यांवरचा आख्खा मसूर तुला सांगायला नको. तू आज ज्या भागात राहतेस तो श्वाबेन, आणि श्वाबेनचं अगदी घरगुती जेवण म्हणजे आख्ख्या मसुराची दाट आमटी आणि सोबत श्पेत्सले, म्हणजे अंडं घातलेल्या पिठाचे उकडलेले छोटे तुकडे. आमटीत पिठाचे तुकडे म्हटल्यावर तुला चकोल्या आठवतील, आणि आठवायलाच हव्यात.

या मसुराची गोष्ट मला फार जवळची आहे. स्टुटगार्टच्या दक्षिणेला श्वेबिश आल्ब नावाचं चुनखडीचं पठार आहे. माती पातळ, दगडाळ, पडलेलं पाणी खाली झिरपून जातं. आटपाडी-जतकडं किंवा माण-खटावला शेतकरी जे पीक तग धरेल ते घेतो, तसा तिथं मसूर होता. मसुराचं रोप अंगानं कमजोर, एकटं पेरलं तर आडवं पडतं. म्हणून तिथं ते ओट किंवा सातूबरोबर मिश्र पेरतात. त्या ताटांना धरून मसूर उभा राहतो. पण मळणीनंतर दोन्ही धान्यं निवडून वेगळी करावी लागतात. कष्ट फार आणि पदरात कमी, त्यामुळं १९५०च्या दशकात ही शेती जवळपास मोडली. पुढं काही शेतकऱ्यांनी ती पुन्हा उभी केली. जुनं स्थानिक वाण मात्र हरवल्यात जमा होतं. ते २००६ साली रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाणं-संग्रहात सापडलं. आता तो मसूर ‘आल्ब-लाइझा’ नावानं विकत मिळतो. महाग आहे, रोज परवडणार नाही, पण एकदा आण आणि नुसता उकडून मीठ घालून खा. रोजच्यासाठी कुठल्याही स्वस्त दुकानातले साधे तपकिरी मसूर चालतील.

करायची रीत अशी. दुकानात गाजर, सेलरीचा कंद, लीक आणि पार्सली यांची एकत्र बांधलेली जुडी मिळते, ‘झुपेनग्र्यून’ म्हणून. सूपासाठीची भाजी ती. कांद्याबरोबर ती बारीक चिरून तेलावर परत, मसूर आणि पाणी घालून मंद आचेवर शिजव. मग एका लहान पातेल्यात बटरवर चमचा-दीड चमचा मैदा खमंग तपकिरी होईपर्यंत भाज आणि आमटीला लाव. आपण आमटीला पीठ लावतो ते वेगळं काही नाही. फरक एवढाच की तिथं ते भाजण्यावर चव ठरते, पांढरं राहिलं तर आमटी पिठूळ लागते. शेवटी व्हिनेगर. आंबट आधी पडलं की डाळ लवकर मऊ होत नाही, त्यामुळं चिंचेसारखंच ते मसूर शिजल्यावरच घालायचं. श्वाबेनमध्ये जेवताना व्हिनेगरची बाटली टेबलावर असते, जो तो आपल्या ताटात आणखी थोडं घालून घेतो. तूही घे. व्हिनेगराशिवायची ही आमटी अळणी वाटते, आणि तेवढ्यावरून ‘इथल्या जेवणाला चव नाही’ असं म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत.

श्पेत्सले फ्रिजच्या कपाटात तयार मिळतात, पण घरी करून बघ. मैदा, अंडी, थोडं पाणी, मीठ. पीठ पळीवरून ताणत सावकाश पडेल इतकं सैल भिजवायचं आणि हवेचे बुडबुडे दिसेपर्यंत लाकडी चमच्यानं झोडायचं. मग ओल्या पाटावर थोडं पसरून सुरीनं बारीक पट्ट्या उकळत्या पाण्यात खरवडायच्या. वर तरंगल्या की शिजल्या. पाटावरून खरवडणं हाताला बसेपर्यंत शेवेच्या सोऱ्यासारखा एक साचा मिळतो, तो वापर. हॉटेलात किंवा मेसमध्ये हे जेवण मागवलंस तर दोन गोष्टी बघाव्या लागतील. वर ठेवलेलं सॉसेज ‘नको’ म्हणून सांगता येतं. पण आमटीतच डुकराच्या चरबीचे तुकडे घालून शिजवलेलं असेल तर ते काढता येत नाही. त्याला ‘श्पेक’ म्हणतात. हा शब्द तोंडपाठ कर आणि प्रत्येक वेळी विचार.

आता पाव. तुझ्या तक्रारीत पहिला शब्द ब्रेडच होता, आणि इथं मला तुझं मत बदलायचंच आहे. तू स्लाइस ब्रेड मनात धरून बसलीस तर तिथला पाव तुला कधीच उमगणार नाही. तिथला पाव ही भाकरी आहे, आणि भाकरी समजूनच तो खायला हवा. जर्मनीच्या पाव-संस्कृतीला २०१४ साली त्या देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. तिथल्या पावांच्या नोंदवहीत तीन हजारांहून जास्त प्रकार आहेत. यातला मोठा भाग राय या धान्याचा, त्याला तिथं रोगन म्हणतात. राय थंडीत आणि हलक्या जमिनीतही येते, म्हणून ती गरिबाच्या घरचं धान्य होती. आपल्याकडं ज्वारी-बाजरीचं जे स्थान, ते तिथं रायचं.

रायचा पाव आंबट का, हे समजलं की तो आवडायला लागतो. रायच्या पिठात स्टार्च फोडणारे पाचकरस फार असतात. नुसतं यीस्ट घालून भाजलं तर ओव्हनमध्ये ते स्टार्चची साखर करत बसतात आणि पाव आतून चिकट, गिच्च राहतो. पीठ आंबवलं की आम्लामुळं ते रस थंडावतात आणि पाव नीट बसतो. म्हणून तिथले बेकरीवाले पिढ्यान्‌पिढ्या विरजणासारखं आंबवण सांभाळतात. आंबील पिऊन वाढलेल्या माणसाला हा आंबटपणा परका वाटायचं काही कारण नाही.

सुरुवात मात्र निव्वळ रायच्या काळ्या पावानं करू नकोस. ‘मिशब्रोट’ माग, म्हणजे राय-गव्हाचं मिश्रण. अर्धा किलोचा तुकडा कापून माग आणि पातळ काप करून दे म्हण. हा पाव दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, म्हणून ताजा-शिळा असा भेद करू नकोस. त्यावर पातळ बटर, मग क्वार्क, मग मुळ्याच्या चकत्या, वर मीठ आणि मिरपूड. क्वार्क म्हणजे दही बांधून केलेल्या चक्क्याचा जवळचा नातेवाईक. पाव किलो आणि अर्धा किलोच्या डब्यात सगळीकडं मिळतो आणि स्वस्त असतो. या एका थरावर शेंगदाण्याची चटणी भुरभुरून बघ. मी कँटीनमध्ये माझ्या डब्यातली चटणी सोबतच्या बायकांना अशीच चाखायला दिली होती, आणि नंतर त्या ती मागून घेऊ लागल्या.

बरोबरीनं पिठाचंही सांगून टाकते, कारण पोळ्या फसल्या की पोरी रडकुंडीला येतात. जर्मन पिठाच्या पिशवीवर आकडा असतो: ४०५, ५५०, १०५०. शंभर ग्रॅम कोरडं पीठ जाळून मागं किती मिलिग्रॅम राख उरते, तो हा आकडा. राख म्हणजे कोंड्यातली खनिजं. आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. ४०५ म्हणजे आपला मैदा. ‘फोलकोर्न’ लिहिलेलं असेल तर ते अख्ख्या धान्याचं पीठ, त्याला आकडा नसतो. पोळीसाठी गव्हाचं १०५० घे, किंवा निम्मं फोलकोर्न आणि निम्मं ५५०. भिजवल्यावर अर्धा तास झाकून ठेव. गव्हाला ‘वाइत्सन’ म्हणतात. ते न बघता रायचं ११५० उचललंस तर कणीक हाताला चिकटत राहील आणि दोष तव्याला जाईल.

जवस तुला जर्मनीत कुठंही मिळेल. आपल्याकडं जवसाची चटणी आता आजीच्या हातची म्हणून उरली. तिथं जवस प्रत्येक दुकानात पिशवीत, पावावर, सकाळच्या म्युस्लीत. आणि जर्मनीच्या पूर्व भागात, लाउझिट्स आणि श्प्रेवाल्डकडं, सालासकट उकडलेले बटाटे, क्वार्क आणि वरून जवसाचं तेल हे पूर्ण जेवण मानतात. तुझ्या वसतिगृहात त्या बाजूची मुलगी असेल तर तिला नुसतं ‘लाइनओल’ म्हण, तिचा चेहरा उजळेल. हे तेल लहान बाटलीत घे, फ्रिजमध्ये ठेव आणि कधीही तापवू नकोस. उष्णतेनं आणि उजेडानं ते लवकर कडू होतं.

हुरडाही आहे तिथं! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा किती जणांना सांगितलं असेल. डिंकल नावाचा गव्हाचाच एक जुना प्रकार आहे. स्टुटगार्टच्या उत्तरेला, बाउलांट भागात, तो पूर्ण पिकायच्या आधी, दाणा चिकात असतानाच जुलैमध्ये कापतात आणि बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. पावसानं हातचं पीक जाऊ नये म्हणून शेतकऱ्यांनी लवकर कापणी करायला सुरुवात केली, असं सांगतात. त्या हिरवट, धुराच्या वासाच्या दाण्याला ‘ग्र्यूनकेर्न’ म्हणतात. आपण हुरडा ताजाच खातो, ते वाळवून वर्षभर ठेवतात. त्याचं सूप करतात, आणि भरड भिजवून कांदा-अंडं घालून वड्यासारखे तव्यावर भाजतात. शाकाहारी माणसासाठी श्वाबेनमध्ये याहून मायेचा पदार्थ मला माहीत नाही. सेंद्रिय मालाच्या दुकानात हे दाणे नक्की मिळतील. एक हिरवी मिरची वाटून घातलीस तर कुणी रागावणार नाही.

कोबीबद्दल थोडक्यात. विमानतळाच्या आसपासच्या फिल्डर पठारावर टोकदार शेंड्याचा पांढरा कोबी पिकतो आणि ऑक्टोबरमध्ये लाइनफेल्डन-एश्टरडिंगनला त्याचा उत्सव भरतो. या कोबीचं आंबवलेलं ‘क्राउट’ करतात: बारीक चिरलेला कोबी आणि वजनाच्या दोन टक्के मीठ, बाकी काम जिवाणूंचं. बटाट्याच्या बोटभर लांब गोळ्यांबरोबर परतून खातात. यातही श्पेक असतोच, विचारून घे. आणि पहिल्या दिवशी वाटीभर खाऊ नकोस, पोट धरून बसशील. दोन चमच्यांनी सुरुवात कर.

हे सगळं कुठं बघायचं, याकडं वळते. सगळ्यात आधी तुझ्या विद्यापीठाचं मेन्झा, म्हणजे विद्यार्थ्यांचं भोजनगृह. कितीतरी भारतीय मुलं तिथं पाऊलच टाकत नाहीत, खोलीवर भात-वरण लावतात. ही मोठी चूक आहे. मेन्झातलं जेवण अनुदानित असतं, रोजचा बेत आधी लावलेला असतो आणि शाकाहारी-व्हेगन पदार्थांवर खूण असते. पण माझा आग्रह पैशासाठी नाही. मेन्झात आठवड्याचा क्रम दिसतो: कुठल्या दिवशी मसूर, कुठल्या दिवशी वाटाण्याचं दाट सूप, शुक्रवारी बऱ्याचदा मासे. कधी मुख्य जेवण म्हणून चक्क गोड येतं, दुधात शिजवलेला भात दालचिनी-साखर आणि सफरचंदाच्या गरासोबत, किंवा व्हॅनिला सॉसमध्ये बसवलेले वाफवलेले गोड पाव. दुपारी फक्त गोड खायचं हे तुला विचित्र वाटेल, पण खीर-पोळी खाऊन आपण उठतोच की. घरोघरी मुलांना हेच मिळालेलं असतं, आणि ते पानात आलं की तुझ्या वर्गातली मुलं आपोआप आईच्या हातच्या चवीबद्दल बोलायला लागतात. ती वेळ साध.

वेळा सांभाळ. दुपारचं गरम जेवण साडेअकरा ते दीडच्या दरम्यान उरकतं. कँटीनमध्ये आम्ही एकला जेवायला येणाऱ्या माणसाला उशिरा आलेला म्हणायचो. संध्याकाळी बहुतेक घरांत चूल पेटत नाही. पाव, चीज, काकडी, मुळा, उकडलेलं अंडं, लोणच्याची काकडी असं थंडच जेवण. कारखान्यात दुपारी गरम जेवलेल्या माणसांनी रात्री हलकं खावं, हे तिथं मुरलेलं आहे. कुणी संध्याकाळी जेवायला बोलावलं आणि पुढं पाव-चीज आलं, तर तुझा पाहुणचार कमी केला असं मनात आणू नकोस. त्यांनी तुला घरच्यासारखं बसवलंय. रविवारी दुकानं बंद असतात. बेकरी काही तास उघडी मिळेल, बाकी भाजी-दूध शनिवारीच आण. पाण्याच्या आणि शीतपेयांच्या एकदाच वापरायच्या बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते, त्या टाकू नकोस. दुकानातल्या यंत्रात परत द्यायच्या. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी गावाच्या मध्यभागी आठवडी बाजार भरतो. शेजारची जुनी मार्क्टहाले १९१४ सालची, इमारत सुंदर आहे, पण तिथं खरेदी खर्चिक, बघून ये. बाजारात ‘आयगेनर आनबाउ’ अशी पाटी शोध: स्वतःच्या शेतातला माल. आपल्या शिवाजी मंडईत माळव्याच्या पाटीमागं बसलेल्या मावशीला ‘ही भाजी कशी करायची’ विचारलं की ती कांदा किती, लसूण किती, सगळं सांगते ना? त्या बाजारातल्या शेतकरणीही तेवढ्याच उत्साहानं सांगतात. तुझं जर्मन मोडकं असलं तरी चालेल, नव्हे, मोडकं असलं तर त्या जास्त सावकाश सांगतात. गर्दीच्या वेळी मात्र विचारू नकोस.

हंगाम तिथं फार मानतात, आणि मला तिथलं सगळ्यात जास्त हेच आवडलं. मार्च-एप्रिलमध्ये रानलसणाची पानं येतात. ती बाजारातूनच घे. जंगलात स्वतः खुडायला जाऊ नकोस, कारण तशाच दिसणाऱ्या लिली ऑफ द व्हॅलीची पानं विषारी असतात आणि दरवर्षी लोकांची गफलत होते. मग पांढरा शतावरीचा कोंब, श्पार्गल. २४ जूनला त्याची काढणी थांबते, म्हणजे झाडाला पुढच्या वर्षासाठी ताकद धरता येते. मे-जूनमध्ये स्ट्रॉबेरी. महाबळेश्वरची खाऊन वाढलीस, पण ही शेतात स्वतः तोडून आण. शरद ऋतूत कांद्याचा जाडसर केक आणि नवी वाइन, यातही श्पेक. थंडीत फेल्टझालाट नावाची लहान पानांची कोशिंबीर. आल्बच्या पायथ्याला सफरचंदाची उंच जुनी झाडं विखुरलेली दिसतील. काही गावांत मालक ज्या झाडाला पिवळी फीत बांधतात त्याची फळं कुणीही तोडावीत अशी मुभा असते. फीत नसेल तर हात लावायचा नाही.

तुर्की दुकानांना ‘तिथलं नाही’ म्हणून बाजूला टाकू नकोस. इटलीशी १९५५ आणि तुर्कस्तानाशी १९६१ साली कामगार आणण्याचे करार झाले, आणि तेव्हापासून स्टुटगार्टच्या कारखान्यांत या माणसांच्या पिढ्या राबल्या. त्यांचं जेवण हे आता त्या शहराचं रोजचं जेवण आहे. तुर्की दुकानात तुला मसूरडाळ, बल्गर म्हणजे गव्हाचा दलिया, कोथिंबिरीची मोठी जुडी, भेंडी, दाट दही, हिरव्या मिरच्या मिळतील. त्यांची मसूरडाळीची सूप, वर लाल तिखटाचं बटर आणि लिंबू, थंडीत अंगात ऊब आणते. भारतीय दुकानात चौपट पैसे घालायच्या आधी इथं बघ.

माणसांबद्दल एक सांगते, आणि यावर माझा भर जास्त आहे. आपल्या मुली ओळख झाली की दिवाळीचा फराळ करून वाटतात. कर, पण त्यानं तू त्यांना जेवू घातलंस. त्यांचं जेवण तुला दिसलं नाही. त्याऐवजी सहखोलीवाल्या मुलीला विचार, ‘काल रात्री तू काय खाल्लंस?’ आणि मग ‘पुढच्या वेळी करशील तेव्हा मला हाक मार, मी कांदा चिरते.’ ‘तुमचा खास पदार्थ कुठला’ असं विचारलं की लोक सणाचं सांगतात. कालचं विचारलं की रोजचं निघतं. गावातल्या अग्निशमन स्वयंसेवकांच्या जत्रा, चर्चचे मेळावे, खेळाच्या मंडळांचे कार्यक्रम यांना जा. तिथं बायका घरून केक करून आणतात. केळीच्या पानावर वाढलेल्या गावजेवणाला जो अर्थ असतो, तोच त्या टेबलाला असतो. खसखशीचा केक दिसला तर सोडू नकोस.

‘मला काय चालेल’ या प्रश्नाचं उत्तर येत गेलंच आहे, पण एक धोका वेगळा सांगायला हवा. युरोपीय संघाच्या नियमानुसार डिसेंबर २०१४ पासून सुट्या पदार्थांवरही १४ ॲलर्जी-घटकांची माहिती द्यावी लागते, म्हणून प्रत्येक बेकरीत तशी वही असते. मुली ती वही बघून निर्धास्त होतात. पण ती वही ॲलर्जीसाठी आहे. डुकराची चरबी, जिलेटिन किंवा मांसाचा अर्क त्या चौदांत नाही. श्वाबेनच्या ब्रेत्सलच्या, म्हणजे गाठीच्या आकाराच्या खाऱ्या पावाच्या, कणकेत कधीकधी चरबी, ‘श्माल्त्स’, घातलेली असते. बटर की श्माल्त्स, हे तोंडानं विचारावं लागतं. तिथल्या बटाट्याच्या कोशिंबिरीत मेयोनीज नसतं म्हणून ती साधी वाटते, पण ती बऱ्याचदा मांसाच्या गरम पाण्यात, ‘फ्लाइशब्र्युए’त, मुरवलेली असते. घरी भाजीच्या पाण्यात कर, अप्रतिम होते. रबरासारख्या गोळ्यांत आणि काही मलईदार गोडांत जिलेटिन. चीजवर ‘लाब’, म्हणजे दूध घट्ट बसवणारा पाचकरस, लिहिलेलं असेल तर ते वासराच्या जठरातलंही असू शकतं; ‘मिक्रोबियल’ लिहिलेलं निवड. परमेझान चीजला नियमानंच वासराचं लाब लागतं. तू कुठवर पाळायचं ते तूच ठरव, पण ठरवायला माहिती हवी.

आणि जिरं घेताना नीट बघ. ‘क्युमल’ म्हणजे शहाजिऱ्याच्या जातीचं, पावात आणि क्राउटमध्ये घालतात ते. फोडणीसाठी ‘क्रॉइत्सक्युमल’ हवं.

आईला पार्सल काय पाठवायला सांगावं, हे तू विचारलं नाहीस, पण ती विचारेल. कांदा-लसूण मसाला, हिंग, मेतकूट, जवसाची आणि कारळ्याची चटणी, आपली राजापुरी हळद थोडी. ताजा कढीपत्ता पाठवू नये. पेढे, खवा, तूपही नको, अगदी साताऱ्याचे कंदी पेढे असले तरी. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला तिथं बंदी आहे, जप्त होतात. तुपावाचून तुझं अडणार नाही. दुकानात ‘बुटरश्माल्त्स’ नावाचा डबा असतो. वर श्माल्त्सपासून सावध राहायला सांगितलं म्हणून हा डबा खाली ठेवू नकोस. यात चरबी नसते, लोणी कढवून पाणी आणि बेरी काढलेलं हे साजूक तूपच आहे, आणि मसुराच्या आमटीवर ते छान लागतं.